मारबत कोणाची काढावी?

॥ जय जय राम कृष्ण हरि ॥

गेल्या श्रावणात इतवारी भागातील एका भजनी मंडळात कीर्तन आटोपले, बुक्का लावून झाला, आणि एक वयस्क माळकरी आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "महाराज, एक विचारू काय? गळ्यात तुळशीची माळ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारावरून मारबत जाते. पोरे-नातवंडे ओढून नेतात. माळकऱ्याने ती पाहायला जावे की दार लावून हरिपाठ म्हणावा?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर आम्हांस चटकन देववेना. त्याचे कारण पुढे सांगूच. त्यांना त्या वेळी एवढेच म्हणालो की, "अवश्य जा. पण पाहून घरी आल्यावर काय करायचे, ते आम्ही मासिकात लिहू." तो शब्द आज पाळीत आहोत.

आपल्या वारकरी वाचकांपैकी पुष्कळ जण देशावरचे, कोकणातले, मराठवाड्यातले. त्यांनी नागपूरची मारबत पाहिलेली नसेल, म्हणून आधी थोडे वर्णन करतो. विदर्भात पोळा हा मोठा सण. पिठोरी अमावास्येला बैल धुऊन, शिंगे रंगवून, झुली घालून त्यांना आंब्याच्या तोरणाखाली उभे करतात. मग जाणती माणसे झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून म्हटलेली चार-सहा चरणांची रचना. तीत महादेव-पार्वती असतात, बैलाचे उपकार असतात, आणि गावच्या सावकारालाही एखादा चिमटा असतो. एकाची झडती संपली की दुसरा उत्तर देतो. पुस्तकात नाव न आलेले कितीतरी कवी आपल्या खेड्यांतून अशा रीतीने होऊन गेले.

दुसरा दिवस भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा. त्या दिवशी तान्हा पोळा. लेकरे लाकडाचे बैल सजवून घरोघर हिंडतात आणि बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, घेऊन येतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 साली मुलांसाठी हा तान्हा पोळा सुरू केला, असे नागपुरात परंपरेने सांगतात.

त्याच दिवशी मारबत. बांबूच्या कामट्या, कागद, कापड यांची मोठमोठी स्त्रीरूपे करून मिरवतात. एक काळी, एक पिवळी. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. पिवळी जागनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाजाची मंडळी काढतात, काळी इतवारीतून निघते, आणि दोघींची गाठ पडते त्या चौकात मुंगीलाही वाट मिळत नाही. मागे बडगे असतात. ते पुरुषरूप पुतळे. त्यांच्या गळ्यात त्या त्या वर्षीच्या महागाईच्या, लाचखोरीच्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या पाट्या लटकवलेल्या असतात. ढोल-ताशांचा गजर चालतो, आणि हजारो कंठ एकाच वेळी मारबतीला सांगतात की बाई गं, आमची रोगराई, खोकला-ताप, सगळी इडापिडा तुझ्याबरोबर घेऊन जा. शेवटी तिचे दहन होते.

आता या काळ्या मारबतीची कथा काय? नागपूरकर दोन प्रकारे सांगतात. एक म्हणतात, ही पूतना. दुसरे म्हणतात, ही बाकाबाई.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजींची राणी. 1816 साली रघूजी वारले आणि नागपूरच्या राज्याला उतरती कळा लागली. 1817 च्या नोव्हेंबरात, 26 आणि 27 तारखेला, सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. पुढच्याच साली इंग्रजांनी आप्पासाहेबांना पदच्युत केले, अल्पवयीन तिसऱ्या रघूजींना गादीवर बसविले, आणि बाकाबाईंना त्यांचे पालक नेमले. कारभार मात्र रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती. ती इंग्रजांच्या बाजूस गेली म्हणून राज्य बुडाले, हा लोकांच्या मनातला सल, आणि तोच काळ्या मारबतीत उतरला असे म्हणतात.

पण सज्जनहो, पुढची हकीकतही ऐकावी. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. दत्तक नामंजूर करून 1854 साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात गेले. त्या वेळी विरोध करणाऱ्या राण्यांत ही म्हातारी बाकाबाईही होती. 1857 च्या धामधुमीत मात्र तिने आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिले नाही, आणि 1858 साली ती वारली. मग ती कोण? फितूर? घर वाचवू पाहणारी विधवा? की दोन्ही? एका माणसाच्या आयुष्यात इतके पदर असतात. पुतळ्याला मात्र एकच रंग देता येतो. इतिहासाचा न्याय पंडितांनी करावा. आम्हा वारकऱ्यांना एवढेच पाहायचे आहे की, राज्य बुडाले ते अनेकांच्या भांडणाने, लोभाने, परक्याच्या तोफांनी. आणि नाव मात्र एका बाईचे घेतले जाते. हे सोपे पडते ना? संकटाला एक तोंड दिले, त्या तोंडाला काळे फासले, की आपले तोंड उजळ!

इथेच त्या माळकऱ्याला उत्तर देताना आमची जीभ अडखळली. कारण ही चूक आम्ही केलेली आहे. पुतळ्याशी नव्हे, जिवंत माणसाशी.

साठ वर्षे होत आली. आमचे गाव नागपूर जिल्ह्यातलेच. खेड्यांत मारबत शहरासारखी मोठी नसते. पोळ्याला दारोदार पळसाच्या डहाळ्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरे त्या गोळा करतात, चिंध्यांची एक मारबत करतात, आणि आरडाओरडा करीत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. त्या वर्षी श्रावणात गावात हगवण-ओकारीची साथ आली होती. पंधरा दिवसांत तीन लेकरे गेली. माणसे भ्यालेली होती. आणि भ्यालेल्या माणसाला कारण लागते. गावाच्या टोकाला एक बुढी एकटीच राहत असे. ती सुईण होती. अर्ध्या गावाच्या बाळंतपणाला तिचे हात लागलेले. पण त्या तीन घरांपैकी दोन घरी ती साथीच्या आधी जाऊन आलेली होती. कोणी तरी चावडीवर बोलले, "हिचीच करणी." बोलणाऱ्याचे नाव पुढे कोणालाच आठवेना, शब्द मात्र गावभर झाला.

पहाटे आम्ही दहा-बारा पोट्टे निघालो. शिवेकडे जायचे ते वळलो तिच्या दाराकडे. मारबत तिच्या अंगणात टाकली आणि पेटविली. मारबतीच्या नावाच्या जागी तिचे नाव घेऊन ओरडलो. हातात पेटता टेंभा होता तो आमच्या. हे लिहिताना आजही हात जड होतो.

ती बाहेर आली. रडली नाही, शिवीही दिली नाही. धुराकडे पाहत एवढेच म्हणाली, "जाळा बापू, जाळा. पन घराले इस्तो लागू देऊ नोका. आतमंदी शेळी बांधली हाय."

आम्ही पळालो. त्या दिवसापासून तिने विहिरीवर येणे सोडले.

दहा दिवसांनी भाद्रपदातली एकादशी आली. शेजारच्या गावचे एक वृद्ध कीर्तनकार दर वर्षी त्या दिवशी आमच्याकडे येत. धापेवाड्याच्या यात्रेची त्यांची नेमाची वारी. कळमेश्वर तालुक्यातील हे धापेवाडा विदर्भाची पंढरी म्हणून ओळखले जाते. तिथल्या नदीचे नावही चंद्रभागाच, आणि आषाढी पौर्णिमेला पांडुरंग तिथे येतो ही आपल्याकडच्या भाविकांची श्रद्धा. महाराजांच्या कानावर सगळी हकीकत आली होती. कीर्तनास उभे राहिले आणि त्यांनी आख्यान लावले पूतनेचे.

आम्ही खूष! आता महाराज राक्षसिणीला चांगली ठोकणार! महाराजांनी कथा रंगविली. कंसाने पाठविलेली ती बालघातिनी, सुंदर रूप घेऊन गोकुळात शिरली, स्तनाला विष माखलेले. नंद मथुरेला गेलेला. तिने बाळकृष्णाला मांडीवर घेतले. देवाने डोळे मिटले आणि विषासकट तिचे प्राण ओढून घेतले. तिचे ते अक्राळविक्राळ धूड पडले. गोपांनी कुऱ्हाडींनी तोडून, गावापासून लांब नेऊन जाळले. इथे महाराज थांबले. मृदंगावरचा हातही थांबविला. मग विचारले, "धुराले वास कशाचा आला, सांगा बरं?"

कोणी बोलेना. महाराज म्हणाले, "भागवताच्या दहाव्या स्कंधात व्यास सांगतात, अगरूचा वास आला. सुगंध! काहून? देवानं तिच्यातलं विष पिऊन टाकलं, आन् तिले गती दिली ती मायची. मारायले आली, पन पाजलं तर खरं! देवानं तेवढंच ध्यानात ठेवलं. विष येगळं, बाई येगळी. जो विष जाळते तो देव. जो बाईले जाळते तो कंस."

मग आम्हा पोरांकडे वळून म्हणाले, "काहून रे पोट्टेहो, तुमची नाळ कोनं कापली?"

मंडपात आवाज नाही. आमची आई बायकांत बसली होती. तिने पदर डोळ्याला लावला. आम्हांला जगात आल्यावर पहिल्यांदा ज्या हातांनी उचलले, त्याच हातांच्या दारात आम्ही टेंभा घेऊन गेलो होतो.

महाराजांनी भरसभेत सांगितले, "उद्या बारशीचं पारनं माह्यं त्या मायच्या घरी. ज्याले यायचं त्यानं यावं." काही माणसे उठून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे महाराज वीणा गळ्यात घालून तिच्या दारी गेले. पाठीमागे पाच-सात टाळकरी, त्यांत आमचे वडील. महाराजांनी आधी तिच्या पायांवर डोके ठेवले, मग पंगतीला बसले. आम्ही कुडाच्या आड उभे होतो. तिने पाहिले, आणि काही न बोलता एक भाकर आमच्या हातावर ठेवली.

पुढे सरकारी दवाखान्याचा माणूस आला, त्याने विहीर पाहिली. पावसाने उकिरड्याचे पाणी विहिरीत उतरत होते. त्याने लाल औषध टाकले, पाणी उकळून प्यायला लावले, साथ ओसरली. पण सगळे गोड झाले असे मात्र नाही. गेलेली तीन लेकरे परत आली नाहीत. त्यांतली एक आई शेवटपर्यंत त्या बुढीशी बोलली नाही. आणि आम्ही? आम्ही तिची क्षमा मागू मागू म्हणत शिकायला शहरात गेलो. ती वारल्याचे पत्रानेच कळले. भाकर खाल्ली, क्षमा मागायची राहिली. आज या पानावर मागतो.

असो. यातून घ्यायचे काय? पहिली गोष्ट ही की, रोगाला कारण असते, पण ते कारण म्हणजे शेजारीण नव्हे. 1881 साली काळी मारबत निघू लागली, आणि 1884 साली रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन वैद्याने कलकत्त्यात, तलावांच्या पाण्याचा तपास करून, पटकीचा जंतू दाखवून दिला. म्हणजे लोक मारबतीला रोगराई ने म्हणून विनवीत होते त्याच दशकात रोगराईचा खरा पत्ता आपल्याच देशात सापडला. तो पाण्यात होता. आपल्या विदर्भाच्याच मातीत 1876 साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांना हे कोणी शिकवावे लागले नाही. ते गावात येत, आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत, आणि मग रात्री कीर्तनात लोकांची मने झाडीत. आम्ही तर म्हणतो, खरी मारबत काढली ती गाडगेबाबांनी. रोज काढली, आणि कोणा माणसाचे नाव न घेता काढली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावोगाव हेच सांगितले.

दुसरी गोष्ट. बाहेर काढण्याचा हा खेळ आपल्या संतांशी किती वेळा खेळला गेला, ते आठवा. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानोबा आणि त्यांची भावंडे वाळीत पडली. चोखोबांचे जन्मगाव आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणा राजा मानतात. त्या चोखोबांना राउळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही. मग संतांनी काय केले? नामदेवरायांनी चोखोबांच्या अस्थी आणून पंढरीला महाद्वारासमोर समाधी दिली. आजही विठ्ठलाकडे जायचे तर चोखोबांना हात जोडूनच जावे लागते. आणि तरीही सगळ्यांसाठी मंदिर उघडायला 1947 साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. वारकऱ्यांनी हे विसरू नये. ज्याला लोक शिवेबाहेर नेतात, तो कधी कधी देवाच्या दाराशी बसलेला असतो.

कोणी म्हणेल, महाराज, ह्या जुन्या काळच्या गोष्टी. जुन्या? 2020 साली करोनाची साथ आली. त्या वर्षी मारबतीच्या मिरवणुकीला परवानगी नव्हती, आणि आपल्या पालख्याही पायी न जाता एस.टी. बसने पंढरीला गेल्या. पण पुतळ्याची मारबत बंद असताना माणसांच्या मारबती किती निघाल्या! दवाखान्यातून बरा होऊन आलेल्या माणसाला गल्लीत येऊ देईनात. रुग्णांची सेवा करणाऱ्या बायांना घर सोडा म्हणाले. त्यांत तुळशीच्या माळा घातलेले कोणीच नव्हते, असे छातीवर हात ठेवून आपल्याला म्हणता येईल काय? करणी, चेटूक असे म्हणून कोणाला छळणे हा 2013 च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. कायदा आहे हे चांगलेच; पण कायदा हात धरतो, जीभ धरीत नाही. जिभेसाठी नाम आहे.

तेव्हा त्या इतवारीच्या माळकरी बाबांना आमचे उत्तर असे.

मारबत पाहायला खुशाल जा. नाथ महाराजांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, सगळ्यांना भारुडात आणून परमार्थ सांगितला. मारबत पाहून एखाद्या माळकऱ्याने मनाशी चार गोष्टी उमगून घेतल्या, तर बिघडले कोठे? नातवंडांना खांद्यावर घ्या, बडग्यांच्या पाट्या वाचून दाखवा, पोटभर हसा. पण घरी आल्यावर तीन नेम करा. एक, आपल्या घरामागची मोरी, गटार, पाण्याचे पिंप स्वतःच्या हातांनी स्वच्छ करा. रोगराई तिथून निघते. दुसरा, ज्या माणसाविषयी मनात काळा रंग कालवून ठेवला आहे, त्याचे एखादे बरे कृत्य आठवा. देवाने पूतनेचे पाजणे आठविले. आपल्याला भावाचे, सुनेचे, शेजाऱ्याचे एक चांगले काम आठवू नये काय? आणि तिसरा, क्षमा मागायची असेल तर ती त्याच दिवशी मागा. आमच्यासारखे करू नका. पत्र येते ते उशिरा येते.

आपल्या सप्ताहाची सांगता कशाने होते? काल्याने. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या, कोणाची भाकर, कोणाचे दही, कोणाच्या लाह्या, आणि देवाने त्यांत आपला हात घातला. मारबत गावाबाहेर न्यायची असते. काला गावात करायचा असतो. ज्या दिवशी मारबत गेली, त्याच संध्याकाळी ज्याला आपण दूर लोटले त्याला घरी बोलावून त्याच्या हातावर काल्याचा घास ठेवता आला, तर तो सण साजरा झाला असे समजावे.

आमच्या गावची ती विहीर आता बुजली. बुढीचे घरही पडले. पण भाद्रपदातल्या बारशीला आम्ही जिथे असू तिथे, पारणे फेडताना पहिली भाकर बाजूला काढून दारी येईल त्याला देतो. येणाऱ्याचे नाव विचारीत नाही.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!